नावात फक्त अक्षरे चालतील: कोड लिहून देणारी साधनं घडवणाऱ्या मराठी मंडळींना खुलं पत्र

मंडळींनो,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही हे कुठं बसून वाचताय ठाऊक नाही. हिंजवडीत असाल, बंगळुरात असाल, नाहीतर सिएटलला. वेब ॲप बनवणाऱ्यांना आयता कोड काढून देणारी साधनं आज जगभर वापरतात. त्यात फ्रेमवर्कबरोबर, म्हणजे ॲप उभारायच्या तयार सांगाड्याबरोबर, येणारी स्कॅफोल्डची कमांड (एका आज्ञेत ठरीव साच्याचा कोड काढून देणारी) आली आणि एडिटरात बसून पुढची ओळ सुचवणारा एआय सहायकही आला. ही साधनं घडवणाऱ्या चमूंमध्ये मराठी घरातली माणसं आहेत. माझ्याच बॅचचे दोघं आहेत. म्हणून पत्र मराठीत लिहितोय. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुमच्या तक्रारींच्या ढिगात आणखी एका कागदाची भर पडली असती, आणि सहा महिन्यांनी एखाद्या बॉटनं 'बरेच दिवस हालचाल नाही' म्हणून तो बंद केला असता.

मी सांगलीत तिघांची छोटी कंपनी चालवतो. पतसंस्था, शाळा, दूध संस्था, अधूनमधून एखादं वाचनालय, अशी आमची गिऱ्हाइकं. त्यांना लागतं ते नव्वद टक्के सारखंच असतं: नोंदणीचा फॉर्म, यादी, शोध, बदल, पावती. असलं काम हातानं लिहीत बसायला आम्हाला वेळ नाही आणि गिऱ्हाइकाकडं तेवढा पैसा नाही. त्यामुळं कोड जनरेटरवर माझा राग मुळीच नाही. सदस्य नावाचं टेबल सांगितलं की मॉडेल, फॉर्म, यादी, रूट, टेस्टची फाइल असं सगळं पाच मिनिटांत समोर येतं, आणि त्याच पाच मिनिटांवर आमच्यासारख्यांचं दुकान चालतं. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं रडगाणं वाटणार नाही.

चार वर्षांपूर्वी एका पतसंस्थेचं सभासद रजिस्टर आम्ही ऑनलाइन केलं. नावाजलेला जनरेटर होता, त्याचं नाव इथं घेत नाही. फॉर्म त्यानं काढून दिला, मी लेबलं मराठी केली, चुकीचे संदेशही मराठी केले आणि संस्थेच्या ऑफिसात दाखवायला गेलो. सचिवांना सगळे अण्णा म्हणतात. चष्मा नाकावर ओढून त्यांनी स्वतःचं नाव मराठीत टाइप केलं, बटण दाबलं. रकान्याखाली लाल अक्षरांत ओळ आली: 'नावात फक्त अक्षरे चालतील.'

अण्णांनी ओळ दोनदा वाचली. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "अहो, मग ही काय आहेत?"

याला उत्तर काय देणार? जनरेटरनं नावाच्या रकान्यावर एक रेजेक्स, म्हणजे कोणती चिन्हं चालतील हे ठरवणारा नियम, बसवला होता. त्याच्या लेखी अक्षर म्हणजे इंग्रजी ए ते झेड, लहान आणि मोठी, झालंच तर एक स्पेस. मी संदेशाचं भाषांतर केलं, पण 'अक्षर' या शब्दाचा अर्थ मात्र होता तिथंच राहिला. हे मी घरी जाताना गाडीवर बसल्यावर लक्षात आलं, आणि चूक जेवढी जनरेटरची होती तेवढीच माझीही होती हेही.

त्या रात्री मी दुरुस्ती केली. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या संगणकी तक्त्यात, प्रत्येक चिन्हाला एक वर्ग दिलेला असतो. त्यातला 'लेटर' हा वर्ग, म्हणजे जगातल्या कुठल्याही लिपीतलं अक्षर, रेजेक्समध्ये वापरता येतो. जावास्क्रिप्टमध्ये ही सोय २०१८ पासून आहे. मी ए ते झेड काढलं, लेटर घातलं, 'अजय कदम' असं नाव टाकून पाहिलं. गेलं. 'कमल भगत' टाकलं, तेही गेलं. निवांत झोपलो.

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी ऑफिसातल्या मॅडमचा फोन आला. "सर, कदमांचं झालं. बाकी कुणाचं घेईना. पाटील घेत नाही, जाधव घेत नाही, शिंदे घेत नाही."

सांगली जिल्ह्यात पाटील न घेणारं सभासद रजिस्टर! संचालक मंडळापर्यंत ही बातमी गेली असती तर काय झालं असतं, याचा अंदाज तुम्ही करू शकता.

कारण असं की काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, पाय मोडणारा हलन्त, यांतलं काहीही युनिकोडच्या हिशेबात लेटर नाही. त्यांचा वर्ग निराळा, 'मार्क'. 'अजय कदम' या नावात एकही मात्रा नाही, 'कमल भगत'मध्येही नाही. म्हणून ती सुटली. पाटलांच्या पहिल्याच 'प'वर काना आला आणि दार बंद झालं. गंमत अशी की आपण मराठी डेव्हलपर चाचणीला नाव टाकतो तेही पटकन टाइप होणारं: अजय, अमर, कमल, गगन. म्हणजे नेमकी तीच नावं, ज्यांत दोष सापडूच शकत नाही. लेटर आणि मार्क दोन्ही वर्ग दिले की पाटील आत येतात. एवढीशी गोष्ट. पण ती मला कुणी शिकवली नव्हती आणि जनरेटरलाही.

हे एकट्या मराठीचं दुखणं नाही. हिंदी, बंगाली, तमिळ, कन्नड, पार थाईपर्यंत, ज्या लिप्यांत स्वरचिन्हं अक्षराला चिकटतात त्या सगळ्यांचं हेच. म्हणजे दुरुस्ती केलीत तर फक्त सांगलीच्या पतसंस्थेसाठी केली असं कुणी म्हणणार नाही.

आता एक प्रयोग सांगतो, स्वतः करून पाहा. जँगो या पायथनच्या फ्रेमवर्कमध्ये मथळ्यावरून वेब पत्त्यातला तुकडा, म्हणजे स्लग, काढणारं 'स्लगिफाय' नावाचं फंक्शन आहे. त्याला 'पुणे' द्या. हातात येतं ते काहीच नाही, रिकामी ओळ. ए ते झेडच्या बाहेरचं सगळं तो गाळतो. रेल्स या दुसऱ्या फ्रेमवर्कमधल्या 'पॅरामीटराइझ'ची गतही हीच. स्लग प्रत्येकाचा वेगळा हवा अशी अट असेल, तर पहिली मराठी बातमी रिकाम्या पत्त्यावर कशीबशी बसते आणि दुसरी येते तेव्हा प्रणाली सांगते, हे आधीच अस्तित्वात आहे.

जँगोवाल्यांनी यावर उपाय दिला नाही असं नाही. २०१५ च्या डिसेंबरात आलेल्या १.९ आवृत्तीपासून 'युनिकोड चालू दे' असा पर्याय आहे. तो चालू करून पुन्हा 'पुणे' द्या. उत्तर येतं 'पण'. पायथनच्या रेजेक्समध्ये शब्दात बसणारं चिन्ह म्हणजे अक्षर, आकडा किंवा खालची रेघ. मार्क त्यात नाहीत, म्हणून उकार आणि मात्रा गळून पडतात. सांगलीचं 'सगल' होतं, मिरजेचं 'मरज'. कोल्हापूरचं होतं 'कलहपर', आणि हे मी कोल्हापूरच्या मित्राला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, अगदीच चूक नाही.

हसून सोडून देण्यासारखं आहे खरं. पण बघा, इथं कुणीतरी विचार केला होता. पर्याय ठेवला होता, त्याला नाव दिलं होतं, तो कागदपत्रांत लिहिला होता. आणि तरी त्या वाटेनं एकदाही मराठी शब्द चालवून पाहिलेला दिसत नाही. जँगोच्या भाषांच्या यादीत मराठी आहे. जेहिप्स्टर या जावावाल्यांच्या जनरेटरमध्येही सुरुवातीला भाषा विचारतात, त्या यादीत मराठी आहे. म्हणजे कुणीतरी मराठी माणूस बसला, फुकट बसला, आणि 'सेव्ह'चं 'जतन करा' करून गेला. त्याचे उपकारच आहेत. पण लेबल मराठी झालं आणि रकाना इंग्रजीच राहिला, तर काय होतं ते अण्णांनी पाहिलंय.

तुमच्यातले काही म्हणतील, आणि कामाच्या ठिकाणी म्हणतातही, की स्कॅफोल्ड ही फक्त सुरुवात आहे; पुढची जबाबदारी ॲप लिहिणाऱ्याची. हे वाक्य मी पूर्वीही ऐकलंय, दुसऱ्या संदर्भात.

२०१२ साली रेल्समध्ये असं होतं: फॉर्ममधून जे काही येईल ते सगळं एकदम मॉडेलमध्ये, म्हणजे डेटाबेसातल्या नोंदीत, ओतता यायचं. स्कॅफोल्डही तसाच कोड काढून द्यायचा. फॉर्ममध्ये नसलेला एखादा रकाना कुणी बाहेरून घुसवला, उदाहरणार्थ 'मी ॲडमिन आहे', तर तोही निमूट भरला जायचा. ते रोखण्याची सोय होती, पण ती डेव्हलपरनं आठवणीनं लावायची. जबाबदारी ॲप लिहिणाऱ्याची, हाच सूर होता. मग त्या मार्चमध्ये एका रशियन तरुणानं हीच फट वापरून गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर, जी स्वतः रेल्सवर चालते, रेल्सच्याच मूळ कोडच्या साठ्यात (रेपॉझिटरीत) आपला बदल (कमिट) घुसवून दाखवला. गिटहबमधली माणसं काही नवशिकी नव्हती. त्यांनाही आठवणीनं लावायची गोष्ट आठवली नव्हती. त्यानंतर नव्या ॲपसाठीचा डिफॉल्ट बदलला, आणि जून २०१३ मध्ये आलेल्या रेल्स ४ पासून कोणते रकाने घ्यायचे याची यादी कंट्रोलरमध्ये स्पष्ट लिहावी लागते. स्कॅफोल्ड ती यादी स्वतःच काढून देऊ लागला. आज रेल्स शिकणाऱ्या पोराला २०१२ ची गोष्ट माहीतही नसते. त्याचा कोड तरी सुरक्षित निघतो, कारण साच्यातच ती ओळ आहे.

आमच्या धंद्यातलं दुसरं उदाहरण. मायएसक्यूएल या डेटाबेसचा ठरीव कॅरॅक्टर सेट (अक्षरांचा संच) कितीतरी वर्षं लॅटिन-१, म्हणजे युरोपी अक्षरांपुरता, होता. कुणी मुद्दाम बदलला नाही तर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या ओळी. दोन हजार सभासदांची यादी, आणि सगळ्यांची नावं सात-आठ प्रश्नचिन्हं. माझ्या पिढीच्या प्रत्येक मराठी डेव्हलपरनं ती ओळ एकदा तरी पाहिली आहे आणि त्या रात्री बॅकअप शोधला आहे. २०१८ मध्ये ८.० आवृत्ती आली, तिनं डिफॉल्ट पूर्ण युनिकोडचा केला. आमच्याकडं गेल्या वर्षी लागलेल्या मुलीला मी प्रश्नचिन्हांची गोष्ट सांगितली, तर तिला वाटलं मी युनिकोडआधीच्या श्रीलिपी फॉन्टांच्या काळाबद्दल बोलतोय.

म्हणून 'सुरुवात आहे, पुढं बदला' हे मला पटत नाही. जे बदलत नाही तेच गिऱ्हाइकापर्यंत जातं. साच्यातली एक ओळ तुम्ही एकदा लिहिता आणि ती लाखभर ॲपांत जाऊन बसते. तुमच्याइतका अधिकार आमच्या आमदारालाही नाही.

आता एआय सहायकांकडं येतो, कारण नवी पोरं स्कॅफोल्डची कमांड देण्याऐवजी त्यांनाच सांगतात. गिटहब कोपायलट हा असाच एक सहायक २०२१ च्या जूनमध्ये चाचणीसाठी आला. २०२५ च्या फेब्रुवारीत एआय संशोधक आंद्रे कारपथींनी 'व्हाइब कोडिंग' हा शब्द काढला, आणि आता डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षातली मुलं कोड न वाचताच प्रोजेक्ट उभा करतात. करू देत. मी त्यावर नाक मुरडणार नाही, मलाही ती साधनं रोज लागतात. पण ती शिकली कशावरून? जगानं आजवर लिहून ठेवलेल्या कोडवरून. कोपायलट नवा होता तेव्हा न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याच्याकडून ८९ प्रसंगांत १६८९ प्रोग्रॅम लिहून घेतले आणि सुमारे ४० टक्क्यांत सुरक्षेचे दोष आढळले. तेव्हापासून ही साधनं सुधारली असतील, पण मला त्यात दुसरंच दिसतं. सुरक्षेच्या दोषांची निदान यादी आहे, म्हणून ते मोजले गेले. मराठी नाव नाकारणं हा दोष कुठल्या यादीत आहे? जो मोजलाच जात नाही, तो कमी होईल कसा?

एकदा मुद्दाम एका सहायकाला सांगितलं, सभासद नोंदणीचा फॉर्म दे, लेबलं मराठीत हवीत. दिला. छान दिला. नावावर ए ते झेडचा रेजेक्स, वर टिप्पणीही: फक्त अक्षरे. तेच वाक्य, चार वर्षांनी! मग त्यालाच विचारलं, यात 'सुनीता पाटील' हे नाव चालेल का? त्यानं लगेच माफी मागितली आणि देवनागरीतले मार्क, लेटर, हलन्त, जोडाक्षरं यांवर असं सुरेख विवेचन केलं की मी ते आमच्या कंपनीतल्या त्या मुलीला वाचायला दिलं. म्हणजे माहिती आहे. पुरेपूर आहे. पण विचारल्याशिवाय ती कोडमध्ये उतरत नाही. आणि ज्याला हे विचारायचं सुचतं त्याला उत्तर बहुधा आधीच माहीत असतं. ज्याला सुचत नाही, त्याचं ॲप शुक्रवारी लाइव्ह जातं.

नाव हा विषय निघालाच आहे तर त्याच्या आकाराबद्दलही बोलू. तुमचा साचा दोन रकाने देतो: पहिलं नाव, आडनाव. आपल्याकडं स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव; शाळेच्या कागदावर आडनाव आधी. त्यात महाराष्ट्र सरकारनं ठरवलंय की १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचं नाव लागेल: मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. ही मुलं अजून लहान आहेत. काही वर्षांत ती पहिलीत येतील, आणि शाळांसाठी फॉर्म काढणारे आम्ही मधल्या दोन नावांना कुठं कोंबायचं याचा विचार करत बसू. बरेच जण ती 'पहिलं नाव' या रकान्यातच कोंबतील, आणि मग हजेरीपटावर बाई हाक मारतील ती सगळ्या घराण्याच्या नावानं.

मग शोध. आमच्या त्याच संस्थेत कुऱ्हाडे आडनावाच्या एका आजींचं खातं दोनदा निघालं. मॅडमनी आधी शोधून पाहिलं होतं, सापडलं नव्हतं, म्हणून नवं काढलं. पडद्यावर दोन्ही नावं हुबेहूब सारखी. आत बघितलं तर एकीकडं नुक्त्याचा ऱ वापरून टाइप केलेला, दुसरीकडं साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडणारं चिन्ह. दोन वेगळे कळफलक, दोन वेगळ्या सवयी. वकिलांच्या नावाआधीच्या 'ॲड.'चंही तसंच. ॲ हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीपासून लोक अ वर चंद्र ठेवून काम भागवत होते आणि अजूनही ठेवतात. युनिकोडची ठरीव सारखेपणाची प्रक्रिया असले काही फरक मिटवते, पण हे दोन मिटवत नाही. तुमच्या साच्यातला शोध मात्र बाइटला बाइट जुळवतो. आजींना व्याज दोन खात्यांत वाटून मिळालं, त्यांची काही तक्रार नव्हती. तक्रार लेखापरीक्षकांची होती.

क्रम लावायचा तर काळे, कावळे, काशीद असा लागतो, कारण युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल च्या शेजारी बसवलाय. आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर. म्हणजे हवं होतं कावळे, काशीद, काळे. मतदानाच्या दिवशी सभासद यादीत नाव शोधणारा काळे कुठल्या पानावर बघेल? ब्राउझरला 'मराठीच्या क्रमानं लाव' असं सांगता येतं, पण साच्यातला कोड ते सांगत नाही.

आकड्यांचं मजेशीर आहे. कुणी रकमेत '१५००' असं देवनागरीत लिहिलं, तर पायथन निमूट पंधराशे समजतो. जावास्क्रिप्ट म्हणते हा आकडाच नाही. पीएचपी त्याचं शून्य करते, तेही आवाज न करता. तिन्हींतलं शेवटचं सगळ्यात वाईट, हे पतसंस्थेत काम केलेल्या कुणालाही सांगायला नको.

मजकूर कापणं हे एक. यादीत मथळा लांब झाला की साचा ठरावीक आकड्यावर कापतो आणि तीन टिंबं लावतो. 'महाराष्ट्र' हा शब्द वाचणाऱ्याला चार अक्षरांचा, यंत्राला दहा चिन्हांचा. सातव्यावर कापला तर पाय मोडलेला ष लटकत राहतो. यावर आता इलाज आहे: युनिकोडच्या सप्टेंबर २०२३ मधल्या १५.१ आवृत्तीनं जोडाक्षर मध्येच न तोडण्याचा नियम घातला, आणि २०२४ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत अक्षरं नीट तोडून देणारी सोय आली. साच्यांना अजून त्याची खबर नाही.

पीडीएफ पावतीबद्दल लिहायला घेतलं तर वेगळं पत्र होईल. पहिली वेलांटी अक्षराच्या मागं जाऊन बसलेली पावती तुम्हीही पाहिली असेल, तेवढं पुरे.

मागणं काय आहे ते सांगतो. नावावर मुळात रेजेक्स लावूच नका. नाव हे माणसानं सांगायचं असतं, यंत्रानं पास-नापास करायचं नसतं. लावायचाच असेल तर लेटरबरोबर मार्क घ्या, आणि ते न दिसणारं जोडणारं चिन्हही. साठवताना मजकूर एकाच रूपात आणा. प्रोजेक्ट सुरू करताना जसं डेटाबेस कोणता ते विचारता, तसं वापरणारे कोणत्या भाषेत लिहितील ते विचारा, आणि उत्तर मराठी आलं तर ते फक्त लेबलांपुरतं ठेवू नका. क्रम, शोध, कापणी, आकडे सगळीकडं न्या. पानाच्या पहिल्याच ओळीत तुमचा साचा भाषा इंग्रजी म्हणून ठोकतो, तीही बदला. ती ओळ शोभेची नाही: अंध व्यक्तीचा स्क्रीन रीडर तिच्यावरून आवाज निवडतो, आणि शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयातला पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श काही फॉन्टांत तेव्हाच उमटतो जेव्हा पान मराठी असल्याचं सांगितलेलं असतं.

एआयवाल्यांना जास्तीचं एक. तुमच्याकडं मॉडेल पारखायच्या कसोट्या असतात, हजारो. त्यांत एक घाला: नावाचा फॉर्म मागायचा, भाषेबद्दल अवाक्षर काढायचं नाही, आणि जो कोड येईल त्यात मराठी नाव भरून बघायचं. भाषेचा उल्लेख न करणं महत्त्वाचं आहे. उल्लेख केला की सगळे शहाणे होतात.

आणि नमुन्याच्या माहितीत तुमच्या त्या जॉन डो या काल्पनिक साहेबांच्या शेजारी चार आपली माणसं बसवा. मी देतो: ज्ञानेश्वर कुऱ्हाडे, हृषीकेश काळे, ॲड. ऋतुजा पाटील, शार्ङ्गधर डिसोझा. शेवटचं नाव कुणाचं असेल असं वाटत नाही, पण ङ खाली ग आणि वर रफार पेलणारा रकाना काहीही पेलेल. 'अजय कदम' मात्र घेऊ नका. त्यानं आधीच एकदा फसवलंय.

यातलं काहीच अवघड नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. एका दुपारचं काम, फार तर दोन. मी बाहेरून पाठवलेली दुरुस्ती महिनोन्महिने पडून राहील. तुम्ही आतून पाठवलेली शेजारच्या खुर्चीतला माणूस चहा पिता पिता मान्य करेल. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रानं मराठीला अभिजात दर्जा दिला तेव्हा तुम्ही सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते. माझ्या बॅचच्या दोघांनीही ठेवले होते. त्यांतला एक ज्या चमूत आहे, त्यांचाच साचा वापरून मी गेल्या महिन्यात एका शाळेचा प्रवेश फॉर्म काढला. नावाचा रकाना उघडून पाहिला. संदेश इंग्रजीत होता, मी भाषांतर केलं नाही, ओळच काढून टाकली. पण सगळेच उघडून पाहत नाहीत रे.

आपला,
सांगलीतला एक वेब डेव्हलपर

ता. क. – हे पत्र वरिष्ठांना दाखवायचं असेल तर खुशाल इंग्रजीत भाषांतर करा. फक्त उदाहरणातली नावं रोमन लिपीत लिहू नका. मग सगळ्या टेस्ट पास होतील.